तिरक्या कात्रीचं विमान

माझ्या विमानाला चाकं नाहीत हे बघून माळावर सगळे हसले होते. हसू देत. चाकं जमिनीवर कामाची, हवेत ती नुसती लोंबतात आणि वारा अडवतात. मी विमान हातानं फेकते आणि उतरताना गवतावर पोटानं घसरवत उतरवते. ज्याला हसू येतंय त्यानं आपलं विमान माझ्या विमानाशेजारी उडवून बघावं, असं मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते.

मी मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये ड्रॉइंगचं काम करते. डिप्लोमा झाल्यापासून वीस वर्षं कॉम्प्युटरवर ब्रॅकेट, बुश, हाउसिंग असे यंत्रांचे सुटे भाग काढतेय. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एकीत डिझाइन कुणाचं ते लिहायचं, दुसरीत ते कुणी काढलं ते. माझं नाव कायम दुसऱ्या चौकटीत. वस्तू कशी असावी हे वर कुणीतरी ठरवतो, मी ती नीटनेटकी काढते. पगार वेळेवर मिळतो, माणसं बरी आहेत, तक्रार काही नाही. पण नाकापासून शेपटीपर्यंत माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती म्हणजे रिमोटवर उडणारी माझी विमानं.

घर वडगावात. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, आई आणि मी. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळं आईला कमी ऐकू येतं. बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलावं लागतं, नाहीतर ती ओठ बघून अंदाज बांधते. पण माग बिघडला की मेकॅनिकच्या आधी तिला कळतं. ती फ्रेमवर तळवा ठेवते, डोळे मिटते, आणि कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगते. अजून एकदाही चुकलेली मी बघितलेली नाही.

आमचा विमानवाल्यांचा सात-आठ जणांचा गट आहे. महिन्यातले दोन रविवार निपाणीच्या अलीकडं एका माळावर जमतो. सगळे बाप्ये, बाई मी एकटीच. त्यातला एक निपाणीचा, तंबाखूच्या वखारीचा मालक. वयानं माझ्याएवढाच, पण तो मला आक्का म्हणतो आणि मी त्याला अण्णा म्हणते, आमच्याकडं असंच चालतं. त्याच्याकडं बाहेरून मागवलेलं तयार विमान आहे. काळं, चकचकीत, साच्यातून काढलेलं. खोक्यातून काढायचं, पंख जोडायचे आणि उडवायचं. माळावर सगळ्यात जोरात तेच जायचं, आणि अण्णा ते उडवताना तोंडात सुपारी ठेवून आरामात उभा राहायचा. मला त्या सुपारीचा लई राग यायचा.

म्हणून मी ठरवलं, त्याच्यापेक्षा जोरात जाणारं विमान काढायचं, आणि ते विकत न घेता काढायचं.

वेगाच्या विमानाचं गणित तसं सरळ आहे. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो. त्यामुळं मोठी मोटर बसवून फार काही साधत नाही, अडसर कमी करावा लागतो. मी आधी बॅटरी घेतली, तिची लांबी-रुंदी मोजली, आणि तिच्याभोवती विमानाचं अंग काढलं. मापाचा ब्लाउज शिवतात तसं, बोटभरही सैल नाही. सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी सगळ्या पंखाच्या आणि अंगाच्या आत लपवल्या. बाहेर एक तार दिसत नव्हती, एक स्क्रू दिसत नव्हता. शेपटीला तीन पात्यांऐवजी दोनच पाती, इंग्रजी व्हीसारखी. पंख अंगाला जिथं मिळतो त्या कोपऱ्यात हवा घोटाळते, तो कोपरा मी अकरा वेळा काढला आणि अकरा वेळा पुसला. आणि पंख ठेवला पातळ. इतका पातळ की गटातल्या एकानं फोटो बघून विचारलं, ह्यानं भाजी चिरायची का.

पंखाच्या आत कडक फोम आणि वरून काचेच्या धाग्याचं कापड, रेझिननं चिकटवलेलं. ते कापड पार्सलनं आलं तेव्हा आईच्या हातात दिलं. तिनं ते चिमटीत धरून उजेडाकडं केलं.

“काचंचं हाय व्हय हे?” ती म्हणाली. “चांगलं विणलंय की. पण काठ न्हाई.”

तिला हातमोजे दिले तर म्हणाली, हातमोजं घालून कापड कळतंय व्हय. मग काचेची कुसं टोचून तीन दिवस दोन्ही हात खाजवत, खोबरेल चोळत बसली, आणि तरी पुढच्या वेळीही हातमोजे घातले नाहीतच.

आता आमच्या घरातली कापड कापायची रीत सांगायला पाहिजे, कारण सगळी गोची तिथंच झाली. आमच्याकडं कात्री धाग्याच्या वाटेनंच चालते. कापायच्या जागी एक धागा टाचणीनं उचलायचा आणि हळूहळू ओढून काढायचा. तिथं एक बारीक सरळ फट दिसते. त्या फटीतून कात्री न्यायची. साडी मागावरून उतरताना अशीच उतरते. तिरकी कात्री म्हणजे माल बाद, आणि माल बाद करणारीला आमच्या गल्लीत विणकर म्हणत नाहीत. मी लहान असताना एकदा बाहुलीच्या फ्रॉकसाठी एक तुकडा तिरका कापला होता. आईनं मारलं नाही, पण तो तुकडा खुंटीवर टांगून ठेवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला दाखवला.

तर त्या दिवशी आम्ही दोघींनी तसंच केलं. धागा ओढून कापड कापलं. उभा धागा पंखाच्या लांबीला, आडवा धागा रुंदीला. एक सुरकुती नाही, एक धागा वाकडा नाही. इंटरनेटवर लोकांनी पंखाला कापड कसं चढवायचं त्याचे व्हिडिओ टाकलेत, पण मी एकही बघितला नाही. विणकराच्या पोरीला कापडाबद्दल कोण काय शिकवणार, ही मस्ती होती माझ्यात. अजूनही थोडी आहे.

पंख वाळला, घासला, रंगवला. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटायचा. त्या रविवारी माळावर मी विमान फेकलं आणि ते असं सुटलं की अण्णानं तोंडातली सुपारी गालात सरकवली. ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी भान सोडलं. विमान वर नेलं, नाक खाली केलं, आणि पूर्ण जोर दिला.

आधी आवाज आला. भर्रर्र, घट्ट ताणलेला कागद वाऱ्यात वाजतो तसा. मग उजव्या पंखाचं टोक दिसेनासं झालं, इतक्या जोरात ते फडफडत होतं. आणि मग पंखच निघाला. विमान गोल गोल फिरत बोरीच्या झुडपात घुसलं.

अण्णा माझ्याबरोबर तुकडे गोळा करायला आला आणि वाकल्या-वाकल्या म्हणाला, “आक्का, पंख हलवून उडणारं काढलंस व्हय? कावळ्याचं डिझाइन वाटतं.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी डोकं फिरलं. मी म्हणाले, “अण्णा, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हिथंच. दोन खुणा, मधी दोनशे मीटर. जाताना एकदा, येताना एकदा, दोन्हीची बेरीज. प्रत्येकाला दोन संधी, चांगली ती धरायची. माझं फुडं गेलं न्हाई तर मी परत विमान काढणार न्हाई. तुझ्यासारखं खोकं मागवीन आणि गप उडवीन.”

“आसं नगं म्हणूस गं,” तो म्हणाला. तो खरंच मऊ माणूस आहे.

“म्हटलं ते म्हटलं,” मी म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मच्छ्यातून घरी परतताना पिरनवाडीच्या रस्त्यावर स्कूटरवर रोज माझ्या डोक्यात तेच फिरायचं. पंख जाड केला तर फडफडणार नाही, पण जाड पंख हवा अडवणार, मग अण्णाच्या पुढं जायचं नाव नको. पातळच ठेवला तर पुन्हा मोडणार. कापड दुहेरी लावलं तर वजन वाढणार. कागदावर काहीही केलं तरी कुठंतरी अडायचं. आणि ह्या वेळी अडणं म्हणजे उरलेला जन्म दुसऱ्या चौकटीत, टूलरूममध्येही आणि माळावरही. मी बोलले ते चुकले, असं मनात आलं की स्वतःचाच राग यायचा.

एका दुपारी लाईट गेली होती. माग बंद, घर शांत. आई कोपऱ्यात बसून मोडलेला पंख हातात घेऊन बघत होती. दोन्ही टोकं धरून तिनं तो ओला पंचा पिळतात तसा पिळला.

“वाकत न्हाई,” ती म्हणाली. “पर पिळतोय.”

मी जवळ गेले. तिनं पुन्हा पिळून दाखवलं. खरंच, पंख वर-खाली वाकत नव्हता, पण बोटांच्या जोरानंही पीळ खात होता. वेगात हवेनं तो पिळला असणार, पिळला की टोक वर गेलं असणार, सुटलं की उलटं पिळलं असणार. सेकंदाला कितीदा तरी. फडफड ती हीच.

“तडं बघ कसं गेल्यात,” आई म्हणाली.

रंगावरचे तडे उभे नव्हते, आडवे नव्हते. सगळे तिरके होते.

आईनं दोरीवरचा पंचा ओढला, एक टोक माझ्या हातात दिलं. “सरळ वढ.” मी ओढलं. पंचा तसूभर लांबला नाही. मग तिनं त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरायला लावले. “आता वढ.” पंचा रबरासारखा लांबला.

“सरळ वढलीस तर धागा वढतीस,” ती म्हणाली. “कोपऱ्यानं वढलीस तर धागा वढतच न्हाईस, निस्ती भोकं वढतीस. पंख पिळला की वढ तिरका बसतोय. आणि तितं आपला धागाच न्हाई.”

मी तिथंच फरशीवर बसले. वीस वर्षं मी लोखंड आणि अॅल्युमिनियम काढतेय. लोखंडाला उभा-आडवा धागा नसतो, कुठूनही कापा. आणि कापड मी जन्मापासून बघतेय, पण कापडाला आम्ही फक्त सरळच ओढलं. दोन्ही विद्या माझ्याकडं होत्या आणि दोन्हींच्या मधे मी चुकले होते. धागे पंखावर तिरके पाहिजे होते, एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडं, म्हणजे पीळ बसला की ते ताठ होऊन धरतील. वजन तेवढंच, जाडी तेवढीच.

“तिरकं लावाय पायजे,” मी तिच्या कानात ओरडले.

आईनं खाली बघत पंच्याची घडी घातली. तिला माझ्या आधी कळलं होतं, तिरकं लावायचं म्हणजे तिरकं कापायचं.

नवीन कापड आलं. मी ते टेबलावर पसरलं. पट्टी ठेवून तिरकी रेघ मारली, रेघेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे धागे सुटू नयेत. कात्री हातात घेतली आणि खरं सांगते, माझा हात चालेना. खुंटीवरचा तो फ्रॉकचा तुकडा डोळ्यांसमोर आला. आई पलीकडं उभी होती. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग कापडाकडं.

“दोनी बाजूचं कोपरं वाया जाणार,” ती म्हणाली.

“जाऊ दे,” मी म्हणाले.

“आन तू भीत भीत कापणार. वाकडं हुईल.” तिनं कात्री माझ्या हातातून काढून घेतली. कात्री रेघेच्या तोंडाशी लावली आणि थांबली. ती टाचणीनं धागा शोधत नव्हती, कारण त्या वाटेला धागाच नव्हता. एवढ्या वर्षांत तिच्या कात्रीला वाट दाखवायला धागा नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. तिचे ओठ घट्ट मिटले होते. मला तिला थांबवावंसं वाटलं, आणि थांबवलं नाही.

मग तिनं कापलं. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कर्रर्र. कात्री खाली ठेवून ती चहा करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मी आईलाही माळावर घेऊन गेले. एका गटवाल्याची गाडी होती. लांबच्या खुणेवर बघायला भरवशाचं माणूस पाहिजे होतं. तिथं दोन काठ्या एकामागं एक रोवल्या होत्या. त्यांच्यापासून लांब, सुरक्षित उभं राहून दोन्ही काठ्या एका रेषेत धरायच्या, आणि विमान त्या रेषेत आलं की निशाण खाली टाकायचं. ते बघून इकडचा माणूस घड्याळ दाबणार. अण्णानंच आईचं नाव सुचवलं. “चालत्या मागावर तुटलेला धागा दिसतो त्यांना,” तो म्हणाला. “आणि त्या तुझ्या बाजूनं खोटं बोलणार न्हाईत.” ते मात्र खरं होतं. आई तिकडं जाऊन उभी राहिली, हातात एक लाल ब्लाउजपीस.

अण्णाचं विमान आधी गेलं. काळं, सरळ, रेघ मारल्यासारखं. दोन्ही संधींत त्यानं जवळजवळ सारखीच वेळ काढली. त्यानं सुपारीही खाल्ली नाही, एवढं मी बघितलं.

मग माझी पहिली संधी. विमान हातातून सुटलं, वळलं, रेषेत आलं. रिमोटवरची जोर वाढवायची दांडी अंगठ्याखाली होती. ती पूर्ण वर ढकलायची होती. अंगठा थोडा अलीकडंच थांबला. मी त्याला थांबायला सांगितलं नव्हतं, पण भर्रर्र तो आवाज त्याला आठवत होता. जाताना तसंच, येताना तसंच. विमान सुरेख गेलं, कुठं थरथरलं नाही, आणि अण्णाच्या मागं राहिलं. आकडा सांगताना घड्याळवाल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एक संधी उरली होती. मी बॅटरी बदलत होते. मान वर करून बघते तर आई माळ तुडवत येत होती. दोनशे मीटर, वाळलेल्या गवतातून, निशाण काखेत धरून. सगळे बघत राहिले. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“हळू का सोडलंस?” ती म्हणाली. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्यानंच बोलते, त्यामुळं सगळ्या माळानं ऐकलं.

मी तिच्या कानाशी गेले. “भ्या वाटलं,” मी म्हणाले. “मोडंल म्हणून.”

“मोडू दे,” ती म्हणाली. “जलमात एकदा मी तिरकी कात्री धरली. ती काय हळू उडवायला धरली व्हय?”

एवढं बोलून ती वळली आणि परत चालत निघाली. ती आपल्या काठ्यांपाशी पोचून निशाण वर करेपर्यंत मी बॅटरी बसवून टाकली. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त म्हणजे मला तिचा अभिमान वाटत होता. डोळे पुसून घेतले, कारण पाण्यातून विमान दिसत नाही.

विमान फेकलं. वर नेलं, वळवलं, नाक थोडं खाली केलं, आणि अंगठा जिथपर्यंत जातो तिथपर्यंत नेला.

आवाज आला, पण तो फडफडीचा नव्हता. बारीक, एकसुरी, वर वर चढत जाणारा. पंख तिथंच होता, ताठ, दोन्ही टोकं स्पष्ट दिसत होती. तिकडं लांबवर लाल निशाण खाली आलं. मी वळवलं, पुन्हा पूर्ण जोर, आणि ते आमच्या समोरून असं गेलं की अण्णाच्या टोपीचा शेंडा हलला असं तो अजून सांगतो. हलला नसेल. पण मी त्याला खोडत नाही.

घड्याळवाल्यानं बेरीज दोनदा केली. मग घड्याळ अण्णाच्या हातात दिलं.

“गेलीस की गं फुडं, आक्का,” अण्णा म्हणाला. मग त्यानं घड्याळ परत दिलं. “माझंबी एक काढून दे. खोकं फोडून उडवायचा कंटाळा आलाय.”

मी हो म्हणाले. त्याच्या विमानाच्या ड्रॉइंगवर खालच्या दोन्ही चौकटींत माझंच नाव आहे, हे इथंच सांगून टाकते.

पण त्या वेळी मी तिथं जास्त थांबले नाही. आई अजून तिकडंच उभी होती. दोन काठ्या एका रेषेत धरून, निशाण वर करून, आणखी एक फेरी असेल तर चुकू नये म्हणून. तिला इकडचं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. मी धावत गेले. तिनं डोळा काठ्यांवरून काढला आणि माझ्या ओठांकडं बघितलं.

“आपलं फुडं गेलं,” मी म्हणाले.

तिनं लाल ब्लाउजपीस झटकला, काठाला काठ लावून त्याची घडी घातली, आणि काखेत धरली.

“मग फुडचं कधी कापायचं?” ती म्हणाली.